'निरंक' लिहू नका, ताई

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. रानभाज्या हा माझा विषय. तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन परिषदेत अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांशी ओळख झाली. ते मूळचे वर्ध्याकडचे, आता तिकडचे नागरिक. त्यांनी मला त्यांच्या विभागात मानद संशोधन सहयोगी करून घेतलं. पगार नाही, पण त्यांच्या संकेतस्थळावर माझं नाव आहे, ग्रंथालय वापरता येतं. मागच्या वर्षी गावोगावच्या बायांकडून भाज्यांची माहिती गोळा करायला त्यांच्या विद्यापीठाकडून दोन हप्त्यांत ८० हजारांच्या आसपास रुपये माझ्या बचत खात्यात आले. ते गाडीभाडं, बायांची मजुरी आणि साहित्य यातच संपले. तरोटा, कुरडू, काटवल आणि आणखी काही भाज्यांची वाळवलेली पानं ओळखीच्या एकाच्या बॅगेतून तिकडे गेली, पोषणमूल्यं तपासायला. एक शोधनिबंध दोघांच्या नावावर छापून आला.

आता केंद्राच्या एका संशोधन निधीसाठी मी अर्ज करतेय. त्यात इतर प्रकल्प, परदेशी सहकार्य आणि इतर संस्थांशी संलग्नता असा रकाना आहे, शेवटी हमीपत्र आहे. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कायले नसतं झेंगट मांगं लावून घेता? निरंक लिहा अन् पाठवून द्या." हेच सहकार्य त्यांनी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, अहवालात मात्र घातलंय. तिकडचे सर म्हणतात, त्यांनी त्यांच्या फॉर्ममध्ये माझं नाव लिहिलं आहे. खरं लिहिलं तर प्रस्ताव बाद होईल आणि मागचं सगळं उकरून काढतील, अशी भीती वाटते. पंधरा दिवसांत अर्ज जायचाय. काय करू?

— एक सहायक प्राध्यापिका

उत्तर

ताई,

निरंक लिहू नका. तुमच्याकडे दिवस थोडे आहेत म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगते. खरं लिहिलं तर तुम्हाला दोन प्रश्न जास्तीचे विचारले जातील, कदाचित मंजुरीला उशीर लागेल. खोटं हमीपत्र देऊन मंजूर झालेला प्रस्ताव मात्र निवृत्तीपर्यंत मानगुटीवर बसलेला असेल, कारण त्याच्या प्रत्येक उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे निधी कुठे खर्च झाला त्या दाखल्यावर, तुमची सही असणार.

विद्यापीठाच्या संशोधन विभागात अशा फायली मी बरीच वर्षं हाताळल्या. परदेशातल्या माणसाबरोबर काम केलं एवढ्यावरून कोणाचा प्रस्ताव परत आलेला मला आठवत नाही. कागदाला कागद जुळला नाही म्हणून चौकशी लागलेली आठवते. तुमच्या बाबतीत कागद किती आहेत ते पाहा. त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तुमचं नाव आहे. शोधनिबंधावर तुम्हा दोघांची नावं आणि पत्ते आहेत, बहुधा शेवटी आर्थिक साहाय्याचे आभारही असतील. नॅकचा अहवाल कॉलेजच्या संकेतस्थळावर टाकावाच लागतो, तिथे हे सहकार्य दिसतंय. शिवाय तिकडच्या सरांचा फॉर्म. हे सगळे 'हो' म्हणतात आणि एकट्या तुमच्या सहीचा कागद 'नाही' म्हणणार. प्राचार्यांची सही त्यावर 'अग्रेषित' म्हणून असेल, हमी मात्र तुमची आहे.

शेताच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढलेला असतो म्हणून जमीन वाईट ठरत नाही. बोजा लपवून इसारपत्र केलं की प्रकरण कोर्टात जातं. तुमच्या अर्जातला हा रकाना म्हणजे सातबाऱ्यातले इतर हक्क आहेत, तिथे नोंद असणं हा दोष नाही.

तिकडचे सर तुमचं नाव लिहायचा आग्रह का धरतात, हेही समजून घ्या. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत याच एका मुद्द्यावर मोठी उलथापालथ झाली. हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख चार्ल्स लीबर यांना जानेवारी २०२० मध्ये अटक झाली, डिसेंबर २०२१ मध्ये ते दोषी ठरले, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांना सहा महिन्यांची घरकैद आणि ५० हजार डॉलर दंड झाला. चीनमधल्या वुहानच्या विद्यापीठाबरोबर काम करणं हा त्यांच्यावरचा आरोप नव्हताच. त्या संबंधांबद्दल सरकारी यंत्रणांना खोटं सांगितलं आणि तिथून आलेलं उत्पन्न व खातं करात दाखवलं नाही, यावर ते दोषी ठरले. संस्थाही सुटलेल्या नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या १२ प्राध्यापकांना मिळणारा परदेशी निधी सरकारी अनुदानाच्या अर्जांत दाखवला नाही, हा आरोप मिटवायला २०२३ मध्ये १९ लाख डॉलर भरले.

याची दुसरी बाजूही मला सांगायलाच हवी. चीनसाठी होणारी हेरगिरी रोखायला काढलेल्या 'चायना इनिशिएटिव्ह' नावाच्या अमेरिकी सरकारी मोहिमेत, जी नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू होऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद करावी लागली, चिनी वंशाच्या कितीतरी प्रामाणिक संशोधकांची परवड झाली. एमआयटीचे गांग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली आणि बरोबर वर्षाने सरकारने खटला मागे घेतला. टेनेसी विद्यापीठाचे अनमिंग हू २०२१ मध्ये निर्दोष सुटले. हा अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाचा वंश पाहून त्याचे कागद तपासले गेले, आणि फॉर्ममधले प्रश्नही तेव्हा धड स्पष्ट नव्हते. पण या प्रकरणांतून लपवणं शहाणपणाचं, असा धडा कोणी काढत असेल तर तो उलटा आहे. ज्यांच्याकडे आपल्या संस्थेला वेळेवर लिहिलेलं पत्र होतं त्यांना लढायला काहीतरी हातात होतं.

म्हणून आता तिकडचे नियम नेमके झाले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये व्हाइट हाउसने काढलेल्या निर्देशानंतर सरकारी निधी मागणाऱ्या संशोधकाला आपली सगळी पदं सांगावी लागतात, पगार असो वा नसो, पूर्णवेळ असो की मानद. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या नियमात तर प्रकल्पाचा महत्त्वाचा भाग देशाबाहेर होत असेल, तर एक डॉलरही बाहेर गेला नाही तरी तो आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि परदेशी सहकाऱ्याबरोबर निबंध निघण्याची अपेक्षा असणं हेही त्यात मोजतात. तुमच्या सरांनी तुमचं नाव लिहिलं ते त्यांचं कर्तव्यच होतं. तुम्ही इकडे निरंक लिहिलंत तर अडचण त्यांनाही येऊ शकते, कारण मग दोघांपैकी खरं कोण बोलतंय हा प्रश्न उभा राहतो.

यावरून तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर मिळालं असेल. 'पगार नाही, मग ते पद कशाला सांगायचं?' असं तुम्हाला वाटतंय हे पत्रातून कळतं. पद बिनपगारी आहे हे पदाच्या शेजारी लिहा, पद लिहायचं टाळू नका. ग्रंथालयाचा वापर, ईमेल पत्ता, प्रयोगशाळेतली मोफत तपासणी हेही साहाय्यच आहे. त्या पानांची तपासणी इथल्या एखाद्या प्रयोगशाळेत करून घेतली असती तर पैसे लागले असते ना? मग ती मदत झाली.

उलट कुठे घाबरायचं नाही तेही सांगते. परिषदेला हजर राहिलात, कोणाला ईमेल करून शंका विचारली, छापून आलेला निबंध पाठवला, परदेशी नियतकालिकासाठी एखादा निबंध तपासून दिला, हे काही या रकान्यात लिहायचं नसतं. शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलणारच.

आता पैशाचं. इथे मला तुमची खरी काळजी वाटते.

परदेशातून येणारी देणगी २०१० च्या परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली येते, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात. व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात केलेल्या कामाची बिल देऊन घेतलेली फी त्यात धरत नाहीत. त्यामुळे सीए तुम्हाला पहिलं हेच विचारेल की हे पैसे फी होते की प्रकल्पाचं अनुदान. तुम्ही लिहिलंय त्यावरून ते अनुदानासारखे दिसतात, कारण ते खर्चासाठी आले, बिलापोटी नाही. सर वर्ध्याचे आहेत, आपलेच आहेत, हा युक्तिवाद इथे चालत नाही. पैसे विद्यापीठाचे असोत की त्यांच्या खिशातले, तिकडचं नागरिकत्व घेतल्यावर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलेला माणूसही या कायद्याला परदेशी स्रोतच असतो. सरकारी नोकर आणि लोकसेवक यांना तर असं अंशदान घ्यायची बंदीच आहे. 'लोकसेवक' हा शब्द २०२० च्या दुरुस्तीने त्यात आला. तुमचा पगार सरकारी अनुदानातून निघतो, तेव्हा नेमणुकीची ऑर्डर घेऊन एफसीआरएचं काम करणाऱ्या सीएकडे किंवा वकिलाकडे जा. तालुक्याला असा माणूस मिळायचा नाही, नागपूरला जावं लागेल. एक दिवसाची रजा टाका, पण जा.

तोवर तिसरा हप्ता घेऊ नका. सर म्हणाले तरी नाही. पुढचे पैसे यायचे असतील तर ते तुमच्या शिक्षण मंडळाकडे, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे यायला हवेत, आणि त्यासाठी संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची एफसीआरए नोंदणी किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी लागते. पैसा उतरतो तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. "अमक्या एनजीओची नोंदणी आहे, त्यांच्या खात्यातून फिरवून घेऊ" असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो मार्ग २०२० पासून बंद आहे. नोंदणी असलेली संस्थाही परदेशी अंशदान दुसऱ्याला देऊ शकत नाही.

आलेल्या पैशाच्या पावत्या गोळा करा. बायांना मजुरी दिली त्याची सही-अंगठ्याची यादी असेल तर ती जपून ठेवा. नसेल तर आज नवी तयार करू नका, जे आहे ते आणि जे नाही ते दोन्ही लिहून ठेवा. विवरणपत्रात ही रक्कम दाखवली नसेल तर अद्ययावत विवरणपत्र भरायची सोय आहे, थोडा जादा कर बसतो. तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

पानांचा विषय बहुतेक लोक हसण्यावारी नेतील. "तरोटा तर उकिरड्यावर उगवतो, त्याला कसली परवानगी?" मलाही एका ज्येष्ठ प्राध्यापकाने असंच विचारलं होतं. पण २००२ च्या जैविक विविधता कायद्याला झाड दुर्मीळ असावं लागत नाही. परदेशी नागरिकाला, परदेशी संस्थेला, आणि अनिवासी भारतीयालाही इथलं जैविक संसाधन किंवा त्याबद्दलचं ज्ञान संशोधनासाठी घ्यायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी लागते. एफसीआरएमध्ये भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा परदेशी धरत नाहीत, जैवविविधता कायद्यात मात्र अशा माणसालाही ही परवानगी लागते. हा फरक लक्षात ठेवा, भल्याभल्यांची इथे गल्लत होते. संशोधनाचे निष्कर्ष पैसे घेऊन किंवा अन्यथा परदेशी व्यक्तीला देण्यालाही परवानगी लागते. निबंध छापणं किंवा परिषदेत मांडणं, केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत असेल तर, त्यात मोडत नाही.

काटवल आठवडी बाजारात विकली जाते, मग व्यापारी मालाची सूट मिळेल, असंही कोणी सांगेल. ती सूट अधिसूचित यादीतल्या मालाला, तो माल म्हणून विकला जातो तेव्हाची आहे. प्रयोगशाळेत पानातली द्रव्यं शोधणं वेगळं.

कायद्यात एक चांगली वाट आहे आणि तुम्हाला ती घ्यायची आहे. दोन संस्थांमधलं सहकार्य सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मंजूर झालेलं असेल तर त्यातल्या नमुन्यांच्या देवाणघेवाणीला ही परवानगी लागत नाही. पण हे सहकार्य संस्था-संस्थांमधलं हवं. दोन प्राध्यापकांची ओळख म्हणजे संस्थांमधला करार नव्हे, आणि नॅकसाठी छापलेलं पानही करार नव्हे. भारतीय संशोधकाला मूलभूत संशोधनासाठी नमुने बाहेर पाठवायचे असतील तर प्राधिकरणाकडे त्यासाठीही अर्ज करता येतो.

झालेल्या गोष्टीचं वजन मी कमी करून सांगणार नाही. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढली, पण १ लाखापासून ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्यासारख्या प्रकरणात लगेच कोणी इतका दंड लावेल असं मला वाटत नाही, पण आकडा माहीत असू द्या, म्हणजे बॅगेतून पाठवणं ही किरकोळ गोष्ट नाही हे प्राचार्यांनाही पटेल. राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. सीएकडे जाल त्याच दिवशी तिथे जा, घडलेलं सांगा, प्राधिकरणाला काय आणि कसं कळवायचं ते विचारा. लेखी कळवण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा. सरांनाही लिहा की उरलेली पानं जशी आहेत तशी ठेवावीत, दुसऱ्या कोणाला देऊ नयेत, त्यावरून पेटंटचा विचारही करू नये. पेटंटसाठी तर प्राधिकरणाची वेगळी संमती लागते.

आणखी एका ठिकाणी तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते तुमच्या अर्जाच्या कुठल्याच रकान्यात नाही. ज्या बायांनी तुम्हाला सांगितलं की कुरडू कोवळी असतानाच खुडायची, कोणती भाजी बाळंतिणीला द्यायची नाही, वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, कसे उकळून कडवटपणा काढायचा, त्यांना हे ज्ञान कुठे गेलं ते माहीत आहे का? पैसे अमेरिकेतून आले होते हे त्यांना सांगितलं होतं का? पत्रात तुम्ही मजुरीचं लिहिलंत, संमतीचं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो तुमच्याच जिल्ह्यात. त्यानंतर इथल्या कितीतरी ग्रामसभा जंगलाचा कारभार स्वतः पाहतात. त्यांना 'माहिती देणाऱ्या बाया' एवढंच समजणं बरोबर नाही. दिल्लीच्या निधी देणाऱ्याला जे सांगणार तेच त्या ग्रामसभांना सांगा, मराठीत, गोंडी बोलणाऱ्या गावात दुभाषी घेऊन. काम काय होतं, पैसा कोणाचा होता, पानं कुठे गेली, निबंधात काय छापलं. निबंधाचा सोपा सारांश द्या. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या नोंदवहीत हे ज्ञान गावाच्या नावाने नोंदलं आहे का ते पाहा. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात कोणी फसवलं गेलं असेल तर ते निधी देणारे नाहीत, त्या बाया आहेत. तुमचा हेतू तसा नव्हता हे मी जाणते, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहितेय.

आता प्राचार्यांकडे कसं जायचं.

त्यांच्यावर रागावू नका. तालुक्याच्या कॉलेजात संशोधन कक्ष नसतो. एकच बाबू पगारपत्रकं, शिष्यवृत्ती आणि परीक्षा फॉर्म सांभाळतो, आणि सहसंचालकांच्या कार्यालयातून त्रुटीचं एक पत्र आलं तरी महिना जातो. निरंक लिहायची सवय यातूनच लागते. पण तोंडी बोलू नका, अर्ज द्या. 'मानद पद व परदेशी संशोधन सहकार्यास कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत' असा विषय लिहा (कार्योत्तर म्हणजे गोष्ट होऊन गेल्यावर मागितलेली), सगळं खरं मांडा, मानद पदाचं पत्र, बँकेचा उतारा आणि निबंधाचं पहिलं पान जोडा. आवक क्रमांक आणि पोच घ्या. नॅकच्या अहवालातलं तेच पान जोडलंत तर प्राचार्यांना वेगळं समजवायची गरज पडणार नाही. कॉलेजने जे जगाला सांगितलं तेच निधी देणाऱ्याला सांगतोय, एवढंच म्हणा.

एक गोष्ट नक्की होईल, त्याला आधीच सावध राहा. कोणीतरी म्हणेल, "मागच्या तारखेचं परवानगी पत्र काढून देतो, जावक रजिस्टरमधी एक नंबर रिकामा आहे." हे मुळीच घेऊ नका. आत्तापर्यंत तुमच्याकडून नियम न कळल्याची चूक झाली आहे. मागच्या तारखेच्या पत्राने ती बनावट कागदपत्राची होईल, आणि त्यातून परतीचा रस्ता नाही. कार्योत्तर मंजुरी हा सरळ, मान्य शब्द आहे, सरकारी कार्यालयं तो रोज वापरतात. त्याचप्रमाणे सरांना सांगून संकेतस्थळावरचं नाव गुपचूप काढून टाकू नका. पद सोडायचं असेल तर आजच्या तारखेचं पत्र लिहून सोडा आणि तेही अर्जात नमूद करा.

रकान्यात साधारण असं लिहा, अर्जाच्या भाषेत करून:

'अमुक विद्यापीठ, अमेरिका येथे अमुक तारखेपासून मानद संशोधन सहयोगी, विनावेतन, ग्रंथालय व ईमेल सुविधा. सदर विद्यापीठाकडून रानभाज्यांच्या क्षेत्रीय सर्वेक्षणासाठी अमुक वर्षात अमुक रुपये प्राप्त, पूर्ण खर्च, सध्या कोणताही निधी येणे नाही. वाळवलेले वनस्पती नमुने पोषणमूल्य तपासणीसाठी अमुक महिन्यात पाठवले, त्याबाबत जैवविविधता कायद्यानुसार पुढील कार्यवाही सुरू. एक संयुक्त शोधनिबंध प्रकाशित. महाविद्यालयाकडे अमुक तारखेस माहिती दिली असून कार्योत्तर मंजुरी मागितली आहे. प्रस्तावित प्रकल्पाचा वरील कामाशी संबंध असा...'

शेवटचं वाक्य नीट विचार करून पूर्ण करा. परीक्षकाला खरं तर तेच पाहायचं असतं. एकाच कामाला दोन ठिकाणचे पैसे घेतले जात नाहीत ना, आणि इथल्या पैशातून निघालेली माहिती परस्पर बाहेर जाणार नाही ना? नवा प्रकल्प कुठे वेगळा आहे, त्यात सरांचा काही वाटा आहे की नाही, नमुने देशाबाहेर जाणार की नाही, हे चार सरळ वाक्यांत लिहा. 'पुढील कार्यवाही सुरू' हे शब्द तुम्ही नागपूरला जाऊन आल्यावरच लिहा, आधी नाही. पैसा आणि नमुन्यांबद्दलची वाक्यं वकिलाच्या नजरेखालून घाला, कारण हाच मजकूर उद्या दुसरीकडेही वाचला जाईल.

प्राचार्यांनी पंधरा दिवसांत काहीच केलं नाही तर पोच घेतलेल्या अर्जाची प्रत जोडा आणि खरं लिहूनच प्रस्ताव अग्रेषित करायला द्या. त्यांनी अग्रेषित करायला नकार दिला तर ही फेरी जाऊ द्या. मला ठाऊक आहे हे सांगणं सोपं आहे. तुमच्या पदोन्नतीच्या गुणांत प्रकल्प मोजला जातो आणि वर्षं निघून जातात. तरी जाऊ द्या. निधीची फेरी पुन्हा येते.

विद्यापीठांनाही इथे दोन शब्द सांगते. गोंडवाना, अमरावती, नागपूर या आपल्या विद्यापीठांना संलग्न कितीतरी कॉलेजं तालुक्याच्या आणि त्याहून लहान गावांत आहेत. तिथल्या शिक्षकाला परदेशी पद, पैसा आणि नमुने यांबद्दल कुठे विचारायचं हे एका फोनवर कळलं पाहिजे. एक टेबल, एक माणूस आणि मराठीत दोन पानांची माहिती एवढं पुरेल. आज या ताईंना गृह मंत्रालय, चेन्नईचं प्राधिकरण, आयकर आणि स्वतःची संस्था अशी चार दारं एकटीने शोधावी लागताहेत. अमेरिकेत विद्यापीठं हे काम संशोधकाबरोबर करतात, कारण चुकलं तर दंड विद्यापीठालाही बसतो.

याच विषयावर काम करणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडक्यात. सिकलसेल किंवा कुपोषणावर परदेशी सहकार्याने काम करत असाल, रक्ताचे नमुने असतील, तर दार वेगळं आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. धान किंवा कपाशीचं बियाणं संशोधनासाठी बाहेर पाठवायचं असेल तर ते दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फतच जातं. मातीचे नमुने असतील तर त्या देशाचा आयात परवाना आधी बघा, अमेरिका परवान्याशिवाय माती आत घेत नाही.

ताई, आज रात्री सरांना एक ईमेल लिहा. त्यांच्याकडून चार गोष्टी मागा. मानद पदाचं मूळ पत्र, पैसे कोणत्या प्रकल्पातून आणि कोणाच्या खात्यातून आले याचा कागद, त्यांच्या फॉर्ममध्ये तुमच्याबद्दल नेमकं काय लिहिलंय त्याची प्रत, आणि पानं मिळाल्याची तारीख व वजन. तुमच्या अर्जातला मजकूर या कागदांवरून लिहा, आठवणीवरून नको. त्यांनी फॉर्ममध्ये तुमचं पद किंवा रक्कम वेगळी लिहिली असेल तर तुमचं जुळवून घेऊ नका, त्यांना दुरुस्ती करायला सांगा. तिकडेही तशी सोय आहे. कागद आले की लगेच नागपूरच्या दोन्ही भेटींची वेळ ठरवा, शनिवारी जैवविविधता मंडळाचं कार्यालय बंद असतं.